टच बटणाला बोट लागते तेव्हा आत काय घडते

नाशिकमध्ये अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारतींत, मग त्या पाथर्डी फाट्याकडच्या असोत की गंगापूर रोडच्या, खटक्याच्या बटणांऐवजी काचेचा गुळगुळीत स्विचबोर्ड बसवून घेण्याची हौस वाढली आहे आणि त्याबरोबर वायरमनच्या कानावर पडणाऱ्या तक्रारीही बदलल्या आहेत. पूर्वी बटण सैल झाले, ठिणगी उडते, बोर्ड गरम होतो, असे लोक सांगत. आता दिवा बंद केला तरी मिणमिणतो, ओल्या फडक्याने बोर्ड पुसला की पंखा आपोआप सुरू होतो, लाइट जाऊन आली की एखादे बटण दाद देत नाही, असे सांगतात. या तक्रारींचे मूळ शोधायचे तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. टच बटण स्वतः वीज जोडत नाही आणि तोडतही नाही. ते फक्त एक मोजमाप करते, त्या मोजमापावरून एक छोटी चिप निर्णय घेते आणि प्रत्यक्ष वीज जोडण्या-तोडण्याचे काम मागे बसलेला तिसराच भाग करतो. खटक्याच्या बटणात ही तिन्ही कामे धातूची एकच पट्टी करत असे, त्यामुळे बिघाडही एकाच जागी शोधावा लागे.

मोजमाप कशाचे, तर धारितेचे. दोन वाहक एकमेकांजवळ असले आणि त्यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा पदार्थ असला की त्या जोडीत विद्युत प्रभार साठू शकतो. किती विभवांतराला (व्होल्टेजला) किती प्रभार साठतो, या प्रमाणाला धारिता म्हणतात आणि अशी मुद्दाम बनवलेली जोडी म्हणजे कपॅसिटर. वाहकांचे क्षेत्रफळ वाढले की धारिता वाढते, त्यांच्यातले अंतर वाढले की घटते आणि मधला पदार्थ बदलला तरी ती बदलते. हवेसाठी हा पदार्थाचा गुणांक जवळपास १ असतो, काचेसाठी साधारण ५ ते ८ आणि पाण्यासाठी सुमारे ८०. पाण्याचा हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढे सारा घोळ तोच घालणार आहे.

माणसाचे शरीर मीठ-पाण्याने भरलेले असल्यामुळे चांगले वाहक आहे. पायात चप्पल असली, खाली फरशी असली, तरी शरीर आणि जमीन यांच्यात धारिता असतेच. स्थिर विजेच्या झटक्याने उपकरणे बिघडतात का, हे तपासण्याच्या प्रमाणित चाचणीत माणसाची धारिता १०० पिकोफॅरड धरतात. काचेच्या एका बाजूला धातूची चकती आणि दुसऱ्या बाजूला बोटाचे टोक आले की त्या दोघांचा एक चिमुकला कपॅसिटर तयार होतो. त्याची धारिता फार तर काही पिकोफॅरड भरते, आणि एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. टच बटणाला एवढाच फरक ओळखायचा असतो.

घरात हा प्रकार सर्वांत स्पष्ट पाहायचा असेल तर दुरुस्तीसाठी उघडलेली इंडक्शन शेगडी पाहावी. वरच्या काचेवर ‘चालू’, ‘अधिक’, ‘उणे’ अशी चिन्हे छापलेली असतात. काच उचलली की त्या प्रत्येक चिन्हाच्या बरोबर खाली, सर्किटवर डाग देऊन बसवलेली एक धातूची स्प्रिंग दिसते, आणि ही स्प्रिंग म्हणजेच बटण. ती दाबली जावी म्हणून तेथे नसते, कारण वरची काच तसूभरही हलत नाही. तिचे वरचे वेटोळे काचेला घट्ट चिकटून राहावे, मध्ये हवेची फट पडू नये, एवढ्यासाठी ती स्प्रिंगच्या आकाराची असते. हवेचा गुणांक काचेच्या काही पटींनी कमी असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची फटही बोटाचा परिणाम बराच कमी करते. शेगडीचे एखादेच बटण जोर देऊन दाबावे लागत असेल, तर चिप बिघडल्याचा निष्कर्ष काढण्याआधी त्या जागची स्प्रिंग तिरकी झाली आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

आता मोजायचे कसे? सर्वांत सोपी पद्धत वेळेची आहे. ठरावीक रोधातून त्या चकतीत प्रभार भरायचा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. रोध दहा लाख ओहमचा आणि चकतीची मूळची धारिता १० पिकोफॅरड असेल, तर दोघांचा गुणाकार, म्हणजेच भरण्याच्या वेळेचे माप, १० मायक्रोसेकंद येतो. बोटाने त्यात ५ पिकोफॅरडची भर घातली की तो १५ होतो. चिपचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देत असेल, तर पहिल्या वेळी १६० ठोके मोजले जातात आणि दुसऱ्या वेळी २४०. आकडे सोयीसाठी घेतले आहेत आणि खऱ्या पॅनेलमध्ये फरक बहुधा याहून पुष्कळ कमी असतो, म्हणून एकदा मोजून न थांबता अनेकदा मोजून सरासरी काढतात. तत्त्व मात्र तेच राहते.

अडचण अशी की तो १६० हा आकडा स्थिर राहत नाही. डिसेंबरात निफाडकडून येणाऱ्या थंडीत तो वेगळा असतो, जुलैच्या दमट हवेत वेगळा, आणि स्वयंपाकघरात काचेवर तेलकट थर बसला की आणखी वेगळा. म्हणून चिप कोणताही कायमचा आकडा धरून चालत नाही. पिंपळगावच्या बाजारात मालाचे वजन करताना आधी रिकामा क्रेट काट्यावर ठेवून तेवढे वजन शून्य धरतात आणि मगच माल मोजतात, त्या रीतीने चिप ‘कोणीही हात लावलेला नाही’ या स्थितीचा आकडा शून्य धरते आणि त्यावर अचानक किती भर पडली तेवढेच बघते. हवामानाने तासाभरात झालेला बदल ती हळूहळू शून्यात मुरवून घेते. क्षणार्धात झालेला बदल मात्र तिला बोट वाटतो.

लाइट जाऊन आल्यावर रुसणाऱ्या बटणाचे उत्तर येथेच आहे. वीज येताच चिप पहिल्या काही क्षणांत आपले शून्य नव्याने ठरवते. नेमक्या त्या वेळी बोर्डावर कोणाचा हात असला, ओले फडके टेकलेले असले किंवा पावसाची झड येऊन काच भिजलेली असली, तर चिप त्या भिजलेल्या अवस्थेलाच शून्य समजते. मग बोट लावूनही पुरेशी भर पडत नाही. बऱ्याच चिपा काही वेळाने आपणहून सावरतात. न सावरल्यास काच कोरडी करून एमसीबी, म्हणजे जादा धारा वाहिली की आपोआप पडणारा खटका, एकदा खाली-वर करावा आणि तेवढा वेळ बोर्डापासून हात दूर ठेवावा. अशा बऱ्याच तक्रारींना यापेक्षा मोठी दुरुस्ती लागत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून खोल आहे. शेगडीवर दूध उतू गेले आणि बटणांवरून पसरले की शेगडी टीं-टीं करून बंद पडते, हा अनुभव बहुतेकांना असेल. दुधाच्या पातळ थराने शेजारशेजारच्या सगळ्या स्प्रिंगांवर एकच वाहक चादर अंथरल्यासारखे होते आणि चिपला एकाच वेळी चार-पाच बटणांवर बोटे असल्याचा भास होतो. कोणताही माणूस ‘चालू’, ‘अधिक’ आणि ‘उणे’ ही बटणे एकदम दाबणार नाही, म्हणून चांगल्या शेगडीत अशा वेळी बंद पडण्याचीच आज्ञा लिहिलेली असते. आपल्याला तो उपद्रव वाटतो, पण ती विचारपूर्वक केलेली सोय आहे. खरा दोष अशा उपकरणाचा, जे एकाच बटणावरचा ओघळ ‘अधिक’ समजून आच वाढवत जाते.

मोबाइलच्या पडद्यावर वेगळी युक्ती वापरतात. तेथे एकेक सुटी चकती नसते. पारदर्शक वाहकाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. आडव्या रेषेला संकेत द्यायचा आणि उभ्या रेषेवर तो किती पोचतो ते मोजायचे, अशी ही रीत आहे. बोट जवळ आले की संकेताचा काही भाग शरीरातून जमिनीकडे वळतो आणि उभ्या रेषेवर कमी संकेत पोचतो. म्हणजे शेगडीत बोटाने आकडा वाढतो, तर येथे तो घटतो. जमिनीशी न जोडलेला पाण्याचा सुटा थेंब मात्र दोन रेषांमधला दुवा उलट घट्ट करतो, त्यामुळे आकडा विरुद्ध दिशेला सरकतो आणि चिपला थेंब आणि बोट यांत फरक करण्याची निदान संधी तरी मिळते. रिमझिम पावसात मोबाइल कसाबसा चालतो आणि पडदा पूर्ण भिजला की वेड्यासारखा वागू लागतो, याचे कारण हेच. सुटे थेंब ओळखता येतात. अख्ख्या पडद्यावर पसरलेला आणि हातापर्यंत पोचलेला ओघळ जवळपास बोटासारखाच दिसतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना १९६५ मध्ये छापून मांडली होती, आणि १९७० च्या दशकात सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे प्रत्यक्ष बनवले. सामान्य माणसाच्या खिशात ती पोचायला २००७ नंतरचे स्मार्टफोन यावे लागले.

द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जाड रबरी हातमोजे घालून काम करणाऱ्या बायकांना मोबाइल वापरायचा तर मोजा काढावा लागतो, कारण रबराच्या जाडीमुळे बोट आणि पडदा यांच्यातले अंतर वाढते आणि धारिता घटते. त्याच बायका समोरच्या वजनकाट्याची बटणे मात्र मोजे घालून सहज दाबतात. त्या काट्यावर प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली दोन वाहक थर असतात आणि दाबाने ते एकमेकांना टेकतात, म्हणजे तेथे धारितेचा संबंधच येत नाही. जेथे हात ओले, चिकट किंवा मोज्यात असतात तेथे दाबाचीच बटणे असावीत, असे माझे मत आहे. दिसायला देखणे म्हणून कारखान्यातल्या यंत्रावर काचेचे पॅनेल बसवणाऱ्यांनी त्या यंत्रापाशी एक पूर्ण पाळी उभे राहून पाहावे.

आणखी एक नेहमीची तक्रार म्हणजे मोबाइल चार्जिंगला लावला की पडदा आपोआप टिचक्या खातो. हलक्या चार्जरच्या आत अतिवेगाने होणाऱ्या चालू-बंदचा गोंगाट तारेतून मोबाइलच्या संपूर्ण सर्किटवर चढतो. मोबाइल एकटा पडला असेल तर सगळेच एकदम हेलकावत असल्यामुळे तो कळत नाही. पण जमिनीशी नाते असलेले बोट टेकले की तोच गोंगाट बोटामार्गे मोजमापात शिरतो. चांगल्या चिपा गोंगाट नसलेली वारंवारता शोधून तिकडे सरकतात, तरी त्यालाही मर्यादा आहे. चार्जर बदलून पाहणे हा यावर सर्वांत स्वस्त उपाय होय.

आता विजेच्या हिशेबाकडे येऊ. खटक्याचे बटण बंद असताना काहीच खात नाही. टच बटणाला मात्र बोट कधी येईल हे माहीत नसते, म्हणून त्याला रात्रंदिवस मोजत राहावे लागते. सतत मोजण्याऐवजी क्षणभर जागे होऊन मोजायचे आणि पुन्हा झोपायचे, ही यातली मुख्य युक्ती. समजा मोजताना १ मिलिअँपिअर विद्युतधारा लागते. अखंड मोजले तर २२० मिलिअँपिअर-तासांचा बटणसेल, म्हणजे घड्याळा-रिमोटात असतो तो सीआर २०३२, नऊ दिवसांत संपेल. दर १०० मिलिसेकंदांतून एकच मिलिसेकंद मोजले तर सरासरी शंभरावा भाग होते आणि तोच सेल अडीच वर्षे पुरतो. किंमत मोजावी लागते ती प्रतिसादाच्या वेळेत. हौशी मुले प्रयोगांसाठी वापरतात त्या टीटीपी २२३ या स्वस्त चिपमध्ये हा सौदा उघड दिसतो. ३ व्होल्टवर ती जलद अवस्थेत सुमारे ६० मिलिसेकंदांत उत्तर देते आणि बचतीच्या अवस्थेत सुमारे २२० मिलिसेकंद घेते. बचतीच्या अवस्थेत तिला जेमतेम दीड मायक्रोअँपिअर लागतात, तेव्हा ती चिप संपवण्याआधी सेल स्वतःच्या वयानेच संपेल.

चिपची भूक नगण्य असली तरी तिच्या मागे उभ्या असलेल्या भागाची तशी नसते. निर्णय झाल्यावर २३० व्होल्टची वीज जोडायला बहुधा रिले किंवा ट्रायॅक वापरतात. टच बोर्डातून येणारा ‘टिक्’ हा आवाज रिलेचा असतो. आत विद्युतचुंबक असतो आणि तो धातूची पट्टी ओढून धरतो, म्हणजे जुना खटका येथे लपून बसलेलाच आहे, फक्त तो बोटाऐवजी चुंबक दाबतो. साध्या ५ व्होल्टच्या छोट्या रिलेला ओढून धरायला सुमारे ७० मिलिअँपिअर, म्हणजे एक तृतीयांश वॅटच्या आसपास वीज लागते, आणि दिवा चालू असेपर्यंत ती लागतच राहते. आठ दिव्यांच्या बोर्डात सगळे रिले चालू असले तर नुसत्या पट्ट्या धरून ठेवण्यात पावणेतीन-तीन वॅट जातात. एका टिचकीने जागा बदलून तेथेच अडकून राहणारे रिलेही मिळतात. ते महाग असले तरी त्यांचा हा खर्च वाचतो.

ट्रायॅकमध्ये हलणारा भाग नसतो. त्याला एक छोटा इशारा दिला की तो वाहू लागतो आणि विद्युतधारा शून्यावर येईपर्यंत वाहत राहतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी ट्रायॅक आपणहून बंद होतो आणि त्याला पुन्हा इशारा द्यावा लागतो. हा इशारा ५ मिलिसेकंद उशिरा दिला तर साध्या पिवळ्या बल्बला निम्मीच शक्ती मिळते. एलईडी दिव्याच्या आत स्वतःचे सर्किट असल्यामुळे तो या तुकड्यांवर नीट चालत नाही, त्यासाठी मंद होऊ शकणारा वेगळा दिवा घ्यावा लागतो. पंखाही अशा तुटक विजेवर गुणगुणतो. म्हणून बऱ्याच पंख्यांच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅकऐवजी कपॅसिटरच पंख्याच्या ओळीत जोडून वेग कमी करतात. हे कपॅसिटर मायक्रोफॅरडचे असतात. बोट ओळखणारा आणि पंखा हळू करणारा अशा एकाच जातीच्या या दोन घटकांत दहा लाखपटींहून जास्त अंतर आहे, आणि दोघे एकाच बोर्डाच्या काचेमागे बोटभर अंतरावर बसलेले असू शकतात.

मिणमिणणाऱ्या दिव्याचा उगम मात्र भिंतीतल्या वायरिंगमध्ये असतो. जुन्या वायरिंगमध्ये, आणि पंचवटीतल्या जुन्या घरांत तर हमखास, स्विचबोर्डापर्यंत फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणलेला असतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, थेट दिव्याकडे गेलेला असतो. खटक्याला न्यूट्रलची गरजच नव्हती. टच बोर्डाला स्वतःसाठी वीज हवी, आणि न्यूट्रल नसेल तर ती तो दिव्यातूनच थोडीथोडी ओढतो. दिवा ‘बंद’ असताना ही बारीक धारा एलईडीच्या आतला कपॅसिटर भरत राहते. तो भरला की दिवा क्षणभर उजळतो, रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढून घेणे हा यावरचा खरा इलाज. ते शक्य नसेल तर दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडून ती बारीक धारा वळवता येते, पण हे काम जाणत्या वायरमननेच करावे.

असा बोर्ड वर्षभर अर्धा वॅट घेत राहिला तर ४.३८ युनिट होतात. युरोपीय संघाने झोपलेल्या उपकरणांसाठी २०१३ पासून नेमकी अर्ध्या वॅटची मर्यादा घातली होती. घराच्या बिलात हे चार युनिट दिसणारही नाहीत. रिमोटने टीव्ही बंद केल्यावरही जवळपास चालू असतानाइतकीच वीज घेत राहणारे अनेक सेट-टॉप बॉक्स याहून कितीतरी जास्त खातात, तेव्हा बचतीची सुरुवात करायची तर तेथून करावी.

काळजी घ्यायची ती सुरक्षिततेची. काचेवरचा दिवा विझला याचा अर्थ पुढची तार मृत झाली असा नाही. ट्रायॅक बंद असतानाही थोडी धारा झिरपू देतो, आणि न्यूट्रल नसलेल्या बोर्डात तर ती मुद्दामच सोडलेली असते. शिवाय स्वस्त बोर्डांत आतले ५ व्होल्टचे सर्किट मुख्य विजेपासून वेगळे केलेले नसते, तेथे माणूस आणि फेज यांच्यामध्ये फक्त ती काच असते. म्हणून बल्ब किंवा पंखा बदलताना एमसीबी खाली करावा आणि तडा गेलेल्या काचेचा बोर्ड बदलेपर्यंत वापरू नये.

इंडक्शन शेगडीच्या बाबतीत मात्र क्रम उलटा ठेवावा लागतो. तिच्या आत सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा चालू-बंद होणारा एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला व तांब्याच्या वेटोळ्याला थंड करायला खाली पंखा असतो. मंद आचेवर बऱ्याच शेगड्या आच खऱ्या अर्थाने कमी करतच नाहीत, काही सेकंद चालतात आणि काही सेकंद थांबतात, म्हणूनच वरणाला मधूनच उकळी येते आणि मधूनच ती बसते. स्वयंपाक झाल्यावर आधी काचेवरचे बटण बंद करावे. त्यानंतर काही वेळ पंखा फिरत राहतो, तो थांबू द्यावा आणि मगच भिंतीवरचा खटका बंद करावा. आधीच खटका बंद केला तर ट्रान्झिस्टरची उष्णता आतच कोंडते आणि शेगडी लवकर बिघडण्याची शक्यता वाढते.